ट्रॉटमनबाईंचे भाषण

मर्डो गिलख्रिस्ट टेबलापाशी उभा राहून कागद वाचत होता आणि त्याची बायको एफी त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवत होती.

“‘बंधूंनो आणि भगिनींनो,’” त्याने घसा खाकरला, “‘मी बार्बाडोसच्या उसाच्या मळ्यांतून तुमच्याकडे आले आहे. पिढ्यान् पिढ्या आमची साखर तुमच्या धक्क्यावर उतरली. आज तुम्ही आमच्याकडे पाठ फिरवणार आहात का?’ कसं वाटतंय?”

“चांगलं आहे,” एफी म्हणाली. तिने कॉलर उलटी केली, पाण्याचा हात मारला. “पण हे भाषण कुणाचं?”

“ट्रॉटमनबाईंचं.”

“मग ते तू का लिहितोयस?”

मर्डोने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिले. त्याला प्रश्न कळला नव्हता असे नाही, पण तो कुणाला पडावा याचेच त्याला नवल वाटले. मग त्याने समजावून सांगितले. बाई लंडनहून दिवसभराचा प्रवास करून येणार, दमलेल्या असणार. ग्रीनॉकच्या माणसांपुढे काय बोलावे, कुठे थांबावे, कुठे आवाज चढवावा हे त्यांना कसे कळणार? परक्या गावात माणसाला थोडा हातभार लागतो. एफीने मान हलवली आणि बाही ओढून सरळ केली.

मर्डोचा स्वभावच तसा होता. साखर कारखान्याच्या धक्क्यावर तो पोरवयात लागला, क्रेन चालवू लागला आणि पुढे युनियनच्या शाखेचा चिटणीस झाला. कुणाचा हात यंत्रात गेला, कुणाच्या विधवेला घर सोडायची नोटीस आली, की मर्डो टोपी घालून त्या कचेरीत जाऊन उभा राही आणि काम झाल्याशिवाय हलत नसे. अख्ख्या आळीची तोंडे त्याच्या एका तोंडात मावत. घरातही तेच. चार माणसांत एखादा विषय निघाला की तो आपले मत सांगे आणि पुढे जोडी, “एफीचंही हेच म्हणणं आहे.” बहुतेक वेळा ते तसेच असायचे, त्यामुळे एफीला कधी हरकत घ्यावी लागली नव्हती.

आता, १९७५च्या जूनमध्ये, ब्रिटनभर सार्वमत होते. युरोपातल्या शेजारी देशांच्या सामायिक बाजारात राहायचे की बाहेर पडायचे, एवढाच प्रश्न. पण स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या ग्रीनॉकमध्ये त्याला साखरेचा वास होता. इथला कारखाना उसावर जगत होता. तो ऊस वेस्ट इंडीजमध्ये, फिजीत, मॉरिशसमध्ये वाढायचा आणि त्याची कच्ची साखर जहाजांनी इथे यायची. शेजाऱ्यांकडे मात्र बीट पिकत होते, मैलोन्‌मैल, आणि बीटाच्या साखरेला ना जहाज लागत होते, ना धक्का, ना मर्डोची क्रेन. ऑस्ट्रेलियाची साखर तर नव्या व्यवस्थेत बसलीच नव्हती. तिकडची जहाजे थांबली होती आणि धक्क्यावरच्या लांबलचक शेडचा पलीकडचा अर्धा भाग झाडून रिकामा ठेवला होता.

मर्डो बाजारातून बाहेर पडायच्या बाजूचा होता, पण त्या रिकाम्या भागाबद्दल तो बोलत नसे. तो बोले ते समुद्रापलीकडच्या आपल्या माणसांबद्दल. “शेजाऱ्याच्या पंगतीत पाट मिळावा म्हणून घरच्यांच्या पुढचं ताट ओढून घ्यायचं, ही कुठली रीत?” असे तो म्हणे.

त्यावर एकदा त्यांची मुलगी शीना जेवता जेवता म्हणाली होती, “घरचे म्हणे! बाबा, तुम्ही कधी गेलायत त्यांच्या घरी?” शीना गावाबाहेरच्या कॉम्प्युटरच्या कारखान्यात होती. तिथली यंत्रे खोक्यांत भरून फ्रान्स-जर्मनीला जायची. बाजारातून बाहेर पडलो तर तिथल्या पोरींनी काय करायचे, असा तिचा सवाल होता. मर्डोने त्यावर मिठाची कुपी मागितली होती. एफीने ती उचलून दिली होती आणि कुणाच्याच बाजूने काही म्हटले नव्हते.

*

युलाली ट्रॉटमन संध्याकाळच्या गाडीने आल्या. उंच, ताठ, डोक्यावर हिरवी हॅट, हातमोजे, आणि एक पाय गुडघ्यात न वाकणारा. बार्बाडोसच्या मळेकामगारांच्या संघटनेच्या त्या पदाधिकारी होत्या. लंडनला कसल्याशा परिषदेला आल्या होत्या, लंडनजवळ रेडिंगला बहिणीकडे राहिल्या होत्या, आणि मर्डोचे बोलावणे गेल्यावर इकडे येण्याला लगेच कबूल झाल्या होत्या. हॉटेल कशाला, घर आहे की, असे म्हणून मर्डोने शीनाची खोली त्यांना देववली. शीना सोफ्यावर.

एफीने चहा ओतला आणि साखरेचे भांडे पुढे सरकवले.

“नको,” बाई म्हणाल्या. “मला साखर आहे.”

एफीने त्यांच्या कपात पाहिले. कपात काही नव्हते. मग तिच्या ध्यानात आले आणि ती एकदम ओशाळली.

“असू दे हो,” ट्रॉटमनबाई हसल्या. “अर्धं आयुष्य मी उसात काढलं. आता ती माझ्यात राहायला आलीय. फिटंफाट.”

मर्डोही हसला, आणि हसता हसता त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. तुम्हाला त्रास नको म्हणून थोडे टिपण केले आहे, म्हणाला. वाटल्यास एखादा शब्द इकडचा तिकडे करा. बाईंनी पर्समधून चष्मा काढला, कागद पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सावकाश वाचला, होती तशी घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला.

“फार सुबक लिहिता तुम्ही,” त्या म्हणाल्या.

मर्डोचा चेहरा उजळला. रात्री जेवताना त्याने बाईंना शाखेच्या जुन्या संपांच्या गोष्टी सांगितल्या आणि बाईंनी त्या मन लावून ऐकल्या. मधूनच एखादा प्रश्न विचारत. त्यांचे प्रश्न लहान होते आणि उत्तर येईपर्यंत त्या थांबत असत. एवढे थांबणारे माणूस एफीने फारसे पाहिले नव्हते.

*

सभा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती. मर्डो सकाळीच पाळीवर गेला. दुपारी पाऊस जरा उघडल्यावर बाई म्हणाल्या की त्यांना धक्का पाहायचा आहे. एफीने त्यांना आपली जाड शाल दिली आणि दोघी उतारावरून निघाल्या. गुडघ्यामुळे बाई कडेच्या भिंतीला हात लावत चालत होत्या. एका कोपऱ्यावर त्या थांबल्या आणि पाटी वाचू लागल्या.

“टोबॅगो स्ट्रीट.”

“हो, टोबॅगो स्ट्रीट,” एफी म्हणाली. “माझी मावशी राहायची इथे. पलीकडे जमैका स्ट्रीट आहे.”

“आणि बार्बाडोस?”

एफी विचारात पडली. तिचा जन्म या गावातला. तिथे मावशीकडे जायचे, पलीकडून मासळी आणायची. ती बार्बाडोसकडच्या बेटांची नावे आहेत, तिथे माणसे राहतात, असे तिच्या मनात कधी आलेच नव्हते. “बार्बाडोस नाही वाटतं,” ती अपराधी स्वरात म्हणाली.

“सुटलो म्हणायचं,” बाई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या.

धक्क्यावर एक जहाज लागले होते. क्रेनचे लोखंडी पंजे त्याच्या पोटात उतरत, मूठ भरून वर येत आणि गुळाच्या रंगाची साखर शेडच्या तोंडाशी ओतत. आत तिची टेकाडे झाली होती. काकवीचा कोंदट, आंबूस वास हवेत दाटला होता. फाटकावरचा माणूस एफीला ओळखत होता. त्याने दोघींना शेडच्या दारापर्यंत जाऊ दिले. ट्रॉटमनबाई तिथे उभ्या राहिल्या, एका हातमोज्याची बोटे सोडवली, वाकून चिमूटभर साखर उचलली आणि हुंगली. तोंडात मात्र घातली नाही.

“आमच्याकडे हिचं सगळं ठाऊक असतं,” त्या म्हणाल्या. “ऊस कापायचा कधी, मोळी किती मोठी बांधायची, गाडी कधी यायची. साखर बंदराच्या फाटकातून आत गेली की संपलं. लहान असताना मला वाटायचं, ती समुद्रात ओततात.”

टेकाडांच्या पलीकडे शेड सरळ पुढे गेली होती. तिथे काही नव्हते. सिमेंटची जमीन धुऊन स्वच्छ केली होती आणि वरच्या काचांतून उजेड तिच्यावर पडला होता. बाईंनी तिकडे बोट केले.

“ते काय?”

“तिथे ऑस्ट्रेलियाची यायची.”

“आता येत नाही.”

“नाही.”

बाई हातमोजा पुन्हा चढवत म्हणाल्या, “तुमच्या यजमानांनी लिहिलेलं मी आज वाचणार नाही.”

एफी जागची हलली नाही. बाईंनी सांगितले ते असे. याच वर्षी, फेब्रुवारीत, त्यांच्या सरकारांनी बाजारातल्या सगळ्या देशांशी मिळून करार केला होता. त्यांच्या बेटांची साखर ठरल्या वजनाने, ठरल्या भावाने घ्यायची हे त्यात कबूल झाले होते, आणि ती बरीचशी इथेच, या देशात येणार होती. हे मिळवायला वर्षे गेली होती. आता हा देश बाजारातून उठून गेला, तर तो करार कुणाशी आणि कशाचा राहिला? पुन्हा हातात हॅट धरून दारोदार. म्हणून त्यांच्या माणसांना वाटत होते की ब्रिटनने आहे तिथेच राहावे. परिषदेतही त्या हेच बोलल्या होत्या आणि आज संध्याकाळीही हेच बोलणार होत्या.

“तो तर सांगत होता, तुम्हाला आम्ही सोडून देतोय म्हणून,” एफी म्हणाली.

“मनापासून सांगत असेल. वाईट माणूस नाही तो. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं.” बाईंनी शेडच्या रिकाम्या भागाकडे पुन्हा मान वळवली. “आमचं भागलंय, बाई. तुमचं नाही भागलेलं. त्याचे शब्द माझ्या तोंडून निघायचे नाहीत, आणि माझे बोलायला मला आनंद वाटतोय असंही नाही.”

“सगळ्यांसमोर त्याची शोभा होईल.”

“हो.”

“मी त्याला आधी सांगितलं तर?”

“ते तुझ्यावर,” ट्रॉटमनबाई म्हणाल्या. कधी ‘तुम्ही’चे ‘तू’ झाले ते एफीला कळलेही नाही. “सांगितलंस म्हणून तो मला सभेला येऊ नका म्हणणार नाही. तो माझी समजूत घालील. चहा देईल आणि समजूत घालील. चांगल्या माणसांचं हे फार अवघड असतं गं.” त्या जरा थांबल्या. “तुझं काय मत आहे?”

“मर्डो म्हणतो—”

“मर्डोचं मी वाचलंय. ते माझ्या पर्समध्ये आहे.”

एफी हसली, हसू आवरायला तिने तोंडावर हात धरला. पंजा जहाजातून वर आला, उघडला, साखर घरंगळली. एवढ्या आवाजात कुणाला ऐकू जाण्याचे भय नव्हते.

“माझं मत,” ती म्हणाली, “मी अजून मोठ्याने बोलून पाहिलेलं नाही.”

बाईंनी मान डोलावली. ते उत्तर त्यांना पुरेसे वाटले असावे, कारण घरी पोहोचेपर्यंत त्यांनी पुन्हा विचारले नाही.

मर्डो पाळीवरून आला, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि आरशासमोर टाय बांधताना एफीला म्हणाला, “बघशील तू, आज हॉल हलेल.” एफी त्याच्या खांद्यावरचा धागा झटकत होती. सांगायचे तर हीच वेळ होती. तिने धागा काढला, बोटावर गुंडाळला आणि म्हणाली, “निघायला हवं.”

*

हॉल भरला होता. पुढच्या रांगांत कारखान्यातली माणसे, मागे बायका, दारापाशी उभे असलेले गोदी कामगार. मर्डोने अध्यक्ष म्हणून सुरुवात केली आणि आपल्या नेहमीच्या भारदस्त आवाजात म्हणाला की आज आपण बोलायचे नाही, ज्यांच्या पोटावर हा बाजार पाय देणार आहे त्यांचे ऐकायचे. टाळ्या झाल्या. ट्रॉटमनबाई उठल्या. त्यांनी पर्स खुर्चीवरच ठेवली.

प्रथम त्यांनी आभार मानले. चांगल्या बिछान्याचे, जाड शालीचे, संपाच्या गोष्टींचे. मग दुपारी धक्क्यावर जे सांगितले होते तेच, तितक्याच साध्या शब्दांत, सांगितले. करार झाला आहे. तो आम्हाला हवा आहे. तुम्ही बाजारात राहावे अशी आमची इच्छा आहे. आवाज चढवायच्या जागा मर्डोने कागदावर रेघ मारून दाखवल्या होत्या; बाईंचा आवाज कुठेच चढला नाही. हॉलमध्ये आधी कुणाला कळलेच नाही. मग कुजबुज मागच्या रांगांपासून पुढे सरकत आली. एफीने मर्डोकडे पाहिले. तो टेबलावर पेन्सिल शोधत होता, आणि ती त्याच्या समोरच पडली होती.

“आम्ही तुमच्याकडून साखर घेतली, ती काय फक्त साखर म्हणून?” पुढून डूगी मॅकफी उठून म्हणाला. डूगी आणि मर्डो एकाच क्रेनवर पाळी बदलायचे. “काहीतरी नातं आहे की नाही?”

“आहे,” बाई म्हणाल्या. “माझी आजी तुमच्यासाठी ऊस कापत होती. आई कापत होती. हा गुडघा जाईपर्यंत मीही कापला. तेवढ्या काळात नात्याबद्दल आम्ही पुष्कळ ऐकलं, साहेब. आता आम्हाला माया नको, भाव हवा. तो मिळालाय.”

“आणि आम्ही काय खायचं मग? बीट?”

कुणीतरी हसले, पण ते हसू तिथेच विरले. ट्रॉटमनबाईंनी टेबलाच्या कडेला हात टेकला. पाय दुखत असावा.

“आज मी तुमची ती अर्धी रिकामी शेड पाहिली,” त्या म्हणाल्या. “तिचं उत्तर माझ्याकडे नाही. असतं तर लपवलं नसतं. पण ते विचारायला हवं. तुमच्या सरकारला विचारा, बाजारवाल्यांना विचारा, त्यांच्या दारात जाऊन बसा. फक्त स्वतःच्या नावानं विचारा. माझ्या नावानं नको. माझं नाव मला लागतं.”

त्या बसल्या. टाळ्या झाल्या नाहीत. कुणी ओरडलेही नाही. मागे शीना उभी होती, तिच्या बाजूचे बोलणे झाले होते, तरीही तिने टाळी वाजवली नाही. मर्डो उठला. हातात त्याने आभाराचे टिपण धरले होते, त्यावर एकदा नजर टाकली आणि ते उपडे ठेवले.

“ट्रॉटमनबाई फार लांबून आल्या,” तो म्हणाला. “त्यांचे आभार.”

त्याचे कान लाल झाले होते. एफीने त्याला इतके थोडके बोलताना कधी ऐकले नव्हते.

शीना पुढे निघून गेली होती; घरी येताना बाकीचे तिघे एका ओळीत चालले. मर्डोने बाईंना चढावावर हाताचा आधार दिला, कारण ते त्याच्या अंगवळणी पडले होते. बाई खोलीत गेल्यावर तो स्वयंपाकघरात आला. रात्र झाली होती, पण इकडच्या लांब दिवसांत खिडकीत अजून उजेड होता.

“तुला ठाऊक होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“दुपारपासून.”

“आणि तू मला तसंच जाऊ दिलंस? एवढ्या माणसांपुढे?”

एफी कप पुसत होती. तिने तो कोरडा झाल्यावरही पुसला. “सांगायचं की नाही, ते त्यांनी माझ्यावर सोडलं होतं,” ती म्हणाली. “माझ्यावर कधी कुणी काही सोडलेलं नाही, मर्डो. मला ते लगेच कुणाला देऊन टाकायचं नव्हतं.”

तो रागावेल असे तिला वाटले. पण त्याने फक्त टाय सैल केला आणि मागल्या अंगणात जाऊन उभा राहिला. त्याच्या पाठीचे पोक तिला काचेतून दिसत होते. तिला त्याची दया आली आणि तरीही आपले चुकले असे वाटले नाही. दोन्ही एकदम कसे असू शकते, याचेच ती नवल करत राहिली.

*

सकाळी ती उठली तेव्हा मर्डो निघून गेला होता. त्या दिवशी त्याची पाळी खरे तर दुपारची होती. ट्रॉटमनबाईंनी त्याबद्दल विचारले नाही. नाश्ता झाला, शीनाने बॅग घेतली, एफीने बाईंचा हात धरला आणि तिघी स्टेशनवर आल्या. शाल बाईंनी परत केली. रेडिंगला बहिणीकडे पुष्कळ आहेत, म्हणाल्या. शीना कामाला उशीर नको म्हणून निरोप घेऊन निघाली.

गाडी आली. बाई चढल्या, खिडकीची काच खाली केली. तेवढ्यात जिन्यावरून मर्डो आला. अंगावर कामाचे कपडे होते, मानेपर्यंत भुरकट साखरेची पूड बसली होती. कुणाची तरी सकाळची पाळी त्याने मागून घेतली असावी. त्याने टोपी काढली आणि ती दोन्ही हातांत धरली.

“मी छप्पन्न वर्षांचा आहे,” तो खिडकीपाशी येऊन म्हणाला. जणू काल अर्धवट राहिलेले बोलणे पुढे चालू होते. “मला क्रेन येते. दुसरं काही येत नाही. शेड भरली नाही तर पहिले आम्ही जाणार. डूगी, मी, असे वीसेक जण. हे मी घरीसुद्धा बोललेलो नाही.”

ट्रॉटमनबाई ऐकत होत्या.

“हे लिहायचं होतं तुम्ही,” त्या म्हणाल्या.

“असलं कोण लिहितं? भीक मागितल्यासारखं.”

“मी वाचलं असतं,” बाई म्हणाल्या. “जसंच्या तसं. एक शब्द इकडचा तिकडे न करता.”

त्यांनी हातमोजा काढून हात बाहेर काढला. मर्डोने आपला तळवा पँटला पुसला, पण साखर चिकट असते, ती निघाली नाही. शेवटी तसाच हात दिला. गाडी हलली तेव्हा बाईंनी एफीकडे पाहून भुवया किंचित उंचावल्या, जणू काहीतरी विचारावे तशा, आणि गाडी वळणावर गेली.

*

मतदानाच्या दिवशी लख्ख ऊन पडले होते. मतदान प्राथमिक शाळेत होते. दोघे बरोबर गेले. मर्डो आधी बाहेर आला आणि फाटकापाशी उभा राहिला. येणारे-जाणारे त्याला हाका मारत होते. शाखेचे काय ठरले, असे कुणी विचारले तर तो म्हणे, ज्याचे त्याने ठरवायचे. एफीला आत बराच वेळ लागला. ती आली तेव्हा त्याने तिला काही विचारले नाही. पूर्वी विचारायचा नाही, कारण त्याला ठाऊक असायचे. आज त्याला ठाऊक नव्हते.

ते पाण्याच्या कडेने घराकडे निघाले. पलीकडचे डोंगर स्वच्छ दिसत होते. पलतीरावरच्या डुनून गावाची बोट धूर सोडत चालली होती. मग मर्डो म्हणाला,

“शेड बंद झाली तर काय करायचं, तुला काय वाटतं?”

एफीने पदपथावरचा एक खडा चुकवला. घाईने उत्तर द्यावेसे तिला वाटले नाही.

“शीनाच्या कारखान्यात बायका घेतायत,” ती म्हणाली. “बारीक तारा जोडायचं काम आहे. हात स्थिर लागतो, वयाचं काही नाही. मी जाऊन आले.”

“कधी?”

“मार्चमध्ये. ट्रॉटमनबाई यायच्याही आधी. ते हो म्हणालेत. मी अजून कळवलेलं नाही.”

मर्डो थांबला. बोट आता वळली होती आणि तिच्या मागच्या लाटा हळूहळू भिंतीपर्यंत येत होत्या. तो त्यांच्याकडे पाहत होता. त्याचे ओठ एकदा हलले, काही तरी पक्के, तयार असे बाहेर पडणार होते. ते त्याने गिळले. एफी शेजारी उभी राहिली. लाटा येऊन गेल्या.

“बस कुठून सुटते?” त्याने विचारले.

“खालच्या चौकातून. सकाळी लवकर.”

“अंधारात जावं लागेल, हिवाळ्यात.”

“हो.”

“मी येईन चौकापर्यंत,” मर्डो म्हणाला; आणि मग तिच्याकडे वळून, जरा चाचरत, “चालेल?”